गिरडचा विसराळू प्रिंटर

ज्या यंत्राला दर वेळी उठल्यावर 'बाबा रे, तू प्रिंटर आहेस' असं सांगावं लागतं, त्याच्या जिवावर मी वर्ध्यात संसार केला, पोरीचं लग्न लावलं आणि आता दुकान पुतण्याच्या गळ्यात घालून घरी बसलो आहे. घरी बसलेल्या माणसाला म्हणे आपली हुशारी आठवते. मीही कागद घेऊन हुशारीच आठवायला बसलो होतो. तेवढ्यात बायको चहा ठेवून गेली आणि जाता जाता विचारून गेली, "पुलगावचं लिहिलं का?"

पुलगावचं मी लिहिणार नव्हतो. पण आता ती वाचणार म्हटल्यावर इलाज नाही.

आधी धंदा समजावून सांगतो. कॉम्प्युटरला वायरीनं जोडायची जी यंत्रं असतात, म्हणजे प्रिंटर, वाय-फायची बोटभर दांडी, आवाज रेकॉर्ड करायचा डबा, त्या प्रत्येकाच्या पोटात एक छोटा प्रोग्राम लागतो. दिवा कधी लावायचा, कागद कधी ओढायचा, कुठं थांबायचं, हे तो यंत्राला सांगतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. मी गिऱ्हाइकाला 'अक्कल' असं सांगत असे, आणि ते लगेच समजे. चांगल्या यंत्रात ही अक्कल कारखान्यातच कायमची भरून येते. पण काही कंपन्या काटकसरी. अक्कल साठवायला आत जागा करावी लागते, जागेला खर्च येतो, त्यापेक्षा यंत्र बिनअकलेचंच विकू, असं त्यांनी ठरवलं. यूएसबीची वायर आहेच. कॉम्प्युटर चालू झाला की त्यानं आपल्याजवळची अक्कल त्या वायरीतून यंत्रात ओतायची. यंत्राची वीज गेली की ते पुन्हा कोरं. कालचं काही आठवत नाही.

विकतच्या सिस्टीममध्ये हे ओतण्याचं काम गुपचूप होऊन जातं. मी बसवून देत असे ती फुकटातली सिस्टीम. तिला ही अक्कल कुठून आणायची आणि केव्हा ओतायची, हे मेकॅनिकनं शिकवून ठेवावं लागायचं. मेकॅनिक म्हणजे मी. सगळ्या भानगडी इथूनच सुरू होतात.

तर पुलगाव. देशकर गुरुजी तिथले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याकडे मी वाय-फायची दांडी बसवायला गेलो. दांडी खोचली, तिचा दिवा काही लागेना. पडद्यावरची ओळ वाचली आणि ऐटीत म्हणालो, "काही नाही गुरुजी, हिची फर्मवेअरची फाइल नाही आहे. आत्ता नेटवरून उतरवून घेतो, की लगेच नेट सुरू."

गुरुजींनी चष्मा काढून हातात घेतला. "म्हणजे, नेट आलं की नेट येईल?"

"हो."

"आणि ते पहिलं नेट कुठून येईल, ढोबळे?"

माझा मोबाईल तेव्हा बटनांचा. त्याच्यात नेट नव्हतं, फक्त टॉर्च होता. मी भर उन्हात स्कूटरवर वर्ध्याला परत आलो, ती एवढीशी फाइल पेनड्राइव्हमध्ये घातली आणि पुन्हा पुलगावला गेलो. गुरुजींनी पुढं गावभर सांगितलं की ढोबळे मेकॅनिक किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावतो. बायकोला हे तिच्या पुलगावच्या मावशीकडून कळलं. त्या दिवसापासून आमच्या घरात मी काहीही विसरलो की पुलगाव होतं.

आता गिरड. गिरडची गोष्ट पुलगावएवढी लहान नाही, कारण तिथं एका बाईचं दुकान अडकलं होतं.

गिरडच्या टेकडीवर दर्गा आहे. टेकडीच्या पायथ्याला, वर जाण्याच्या वाटेवर श्यामराव कुमरे यांचा ओटा. त्या ओट्यावर बसून श्यामरावांनी उभी हयात फुटाणे विकले. त्यांच्या सूनबाई रंजनाताई. हिंगणघाटला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेल्या, आणि कोर्स करूनही दर हंगामात लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाणाऱ्या. त्यांच्या डोक्यात आलं की मोबाईलमध्ये फोटो तर सगळेच काढतात, पण दर्ग्यावरून उतरलेल्या माणसाला घरच्या भिंतीवर लावायला कागदावरचा फोटो हवा असतो. काढायचा आणि तिथंच छापून द्यायचा. जोडीला झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म.

सासऱ्यांनी ओटा दिला, पण अट घालून. मी कॉम्प्युटर बसवायला गेलो त्या दिवशी त्यांनी ती माझ्यासमोरच सांगितली.

"हे पाय रंजना. जत्रेपर्यंत हे तुही मशीन चालली त चालली. नाई चालली त जत्रेत माही टोपली इथंच बसन, अन् तू पुन्हा वावरात. मंग रडजो नोको."

"नाई रडत, मामाजी," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ स्पष्ट होता: आता तुमच्या हातात आहे.

मी म्हणालो, "काळजी नको. माझ्या हातचं काम आहे."

प्रिंटर मीच नागपूरहून जुना आणून दिला होता. रंगीत, लेझरचा, दणकट, आणि वर सांगितलेल्या बिनअकली जातीचा. मी त्याची फाइल कॉम्प्युटरमध्ये घातली आणि सांगून ठेवलं की रोज चालू होताना ही प्रिंटरला पाजायची. कॉम्प्युटर बंद करून चालू करून दाखवला. प्रिंटरच्या पोटात घर्र झालं, टक् झालं, हिरवा दिवा स्थिर झाला. ही घर्र-टक् झाली की समजायचं, अक्कल पोचली. रंजनाताईंनी पहिला फोटो छापला तो सासऱ्यांचा. श्यामरावांनी तो लांब धरून पाहिला.

"नाक मोठं आलं."

"नाक आहेच मोठं, मामाजी."

मी वर्ध्याला परतलो तो छाती काढून. दुसऱ्या दिवशी फोन.

"भाऊ, छापून नाई राह्यला जी."

"दिवा कोणता आहे?"

"हिरवाच आहे, पण लुकलुक करते. गिऱ्हाईक थांबून थांबून गेलं."

मी म्हणालो, उद्या दुपारी येतो. गेलो. ओटा झाडलेला, खुर्ची पुसलेली, चहा तयार, प्रिंटर चालू. मी कोणत्याही मेकॅनिकचा पहिला मंत्र म्हटला, म्हणजे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. घर्र, टक्. फोटो फस्क्लास. मी वायर उगाच हलवली, "सैल होती," असं म्हणालो आणि चहा पिऊन आलो.

पुन्हा फोन. पुन्हा कळवून गेलो. पुन्हा झाडलेला ओटा, पुन्हा चहा, पुन्हा माझा मंत्र, पुन्हा घर्र-टक्. या वेळी मी वायर बदलली. पुढच्या वेळी अर्थिंगवर घसरलो. रंजनाताईंच्या नवऱ्याकडून मागच्या अंगणात खड्डा खणून घेतला, त्यात मीठ आणि कोळसा घातला आणि रोज तांब्याभर पाणी घाला म्हणून सांगितलं. श्यामराव खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून बघत होते.

"याच्यात काय उगवन, भाऊ?"

त्यानंतरच्या खेपेला मी उंदरांना दोष दिला. उंदीर वायर कुरतडतात म्हणालो. तिथं एकाही वायरीला दाताची खूण नव्हती, पण माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

आणि गंमत अशी, की मी समोर असलो की प्रिंटर गुणी बाळासारखा वागे. माझी स्कूटर मांडगाव ओलांडून गेली की दगड. गिरडच्या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे दगड सापडतात, आणि त्यांची गोष्ट सांगतात की फकिराशी खोटं बोललेल्या व्यापाऱ्याचा सगळा माल दगड झाला. श्यामरावांनी ती गोष्ट मला पुन्हा एकदा पूर्ण ऐकवली आणि शेवटी विचारलं, "भाऊ, नागपूरवाल्यापाशी हा प्रिंटर घेतानी तुमी काही खोटं त नाई बोल्ले?"

मग ते सुनेला गोंडीत काहीतरी म्हणाले. त्यांच्या घरात आपसात गोंडी चालते. त्या लांबलचक वाक्यातला मला 'ढोबळे' एवढा एकच शब्द कळला. रंजनाताई पदर तोंडाला लावून हसल्या. मी अर्थ विचारला, तर म्हणाल्या, "नाई जी, तसं काही नाई."

पुढच्या खेपेला गेलो तर प्रिंटरवर माझा फोटो चिकटवलेला. मीच चाचणीसाठी छापलेला, त्यात माझं तोंड उघडं.

"हे काय?"

"मामाजीनं लावला. म्हणते, मशीन तुमाले पाहूनच चालते, त तुमी इथं दिसत राह्यले पाह्यजे."

"मग? चालली?"

"नाई ना. फोटोले नाई भेत ते."

हे त्या हसत म्हणाल्या, पण हसणं लगेच आटलं. जत्रा तोंडावर आली होती. वेचणीच्या बायकांची मुकादम त्यांना विचारून गेली होती, येणार का म्हणून. त्यांनी 'सांगतो' एवढंच सांगितलं होतं. मला त्या दिवशीचा चहा गोड लागला नाही.

घरी येऊन मी ठरवलं, पुरे झालं. प्रिंटर उचलून आणायचा, त्यांना स्पष्ट सांगायचं की मला जमलं नाही. असली बातमी फोनवर देता येत नाही, आणि 'येतो' म्हणून कळवायचंही धैर्य होईना. म्हणून पहिल्यांदाच न सांगता गिरडला निघालो. पोचलो, पण ओट्यावर जायला पाय उचलेना. समोरच्या चहाच्या टपरीवर, बाकड्याच्या टोकाला, एका जाड माणसाच्या आड बसलो. चहा मागवला आणि सांगायचं वाक्य मनात घोळवू लागलो.

तिथून दुकान समोर दिसत होतं. ओटा त्या दिवशी झाडलेला नव्हता. माझ्या नेहमीच्या खुर्चीवर कापडाचं गाठोडं होतं. रंजनाताई कॉम्प्युटरवर कुणाचा तरी फॉर्म भरत होत्या. तो माणूस गेला. थोड्या वेळानं एक जोडपं दर्ग्यावरून खाली आलं, फोटोसाठी उभं राहिलं. ताईंनी फोटो काढला. मग त्या खाली वाकल्या, टेबलाखाली हात घातला, आणि दुकानातला बल्ब एकदम मंद झाला. परत उजळला. प्रिंटरचा दिवा लागला.

लागला. म्हणजे इतका वेळ तो बंद होता.

मी चहा तसाच ठेवून रस्ता ओलांडला. मला पाहून ताई दचकल्या, गाठोडं उचलायला धावल्या.

"राहू द्या, राहू द्या. ताई, प्रिंटर तुम्ही आत्ता चालू केला?"

"हाव. गिऱ्हाईक आलं म्हून."

"रोज असंच करता? कॉम्प्युटर सकाळी, आणि प्रिंटर गिऱ्हाईक आल्यावर?"

"हाव जी. इथं लाईन कमजोर आहे ना. दोन्ही संगं लावले की समोरच्या टपरीचाबी बल्ब डीम होते. मामाजीनं पह्यल्या दिवसापासून सांगतलं, एकेक लावत जाजो, काम झालं की बंद करत जाजो."

"मग मी येतो तेव्हा तो आधीपासून चालू कसा असतो?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं. "तुमी येनार म्हनता ना. पाहुणा वर्ध्यावरून येनार, अन् त्याच्या समोर आमी मशीन लावत बसाचं का? मामाजीच म्हनते, भाऊ याच्या आधी सगळं लावून ठेव."

मी गाठोड्यावरच बसलो.

माझी फाइल फक्त कॉम्प्युटर चालू होताना पाजली जात होती. त्या वेळी प्रिंटर झोपलेला. गिऱ्हाईक आल्यावर तो उठे, आणि त्याला तू कोण ते सांगायला कुणी नसे, कारण ओतणारा आपलं काम सकाळीच उरकून मोकळा झालेला. मी येई तेव्हा माझ्या मानासाठी प्रिंटर आधीच जागा केलेला असे, त्यात मी येऊन मंत्र म्हणे, आणि सगळं सुरळीत. इतक्या खेपा घातल्या, पण पाहुणा नसतानाचं ते दुकान मी कधी पाहिलंच नव्हतं. कुणी काय केव्हा चालू करतं, हा प्रश्न माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. खड्डा खणायला मात्र सांगितला.

श्यामराव मागच्या दारातून आले. मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हन्जे आमी तुमाले मान देला, म्हून मशीन बिघडली?"

"तसं नाही, मामाजी..."

"तसंच म्हना ना. आता चहाबी बंद करतो. पाहू, अजून काय काय सुधरते."

उपाय सोपा होता. कॉम्प्युटरला सांगायचं की चालू होतानाच नव्हे, प्रिंटर कधीही जागा झाला की त्या क्षणी त्याला फाइल पाजायची. ही सोय मला आधीपासून माहीत होती. गरज पडेल असं वाटलं नव्हतं, इतकंच. मी कॉम्प्युटर बंद-चालू करून प्रिंटरला आधी अक्कल पाजली, मग बसलो, लिहिलं, आणि घाईत अशी चूक केली की फाइल अक्कल म्हणून जायच्या ऐवजी छापायला गेली. प्रिंटरनं कागद ओढला आणि त्याच्यावर ठिपके, चौकटी आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं उमटवायला सुरुवात केली. एक कागद, दुसरा, तिसरा. थांबेचना.

श्यामरावांनी एक कागद उचलून उजेडात धरला. "हेच का ते? तुमी म्हनत होते ते अक्कल?"

"हो, पण ती आत जायला पाहिजे होती."

"बाहीर आली बापा सारी." त्यांनी ते कागद नीट गोळा केले. "राहू द्या. फुटाण्याच्या पुड्या बांधाले होतीन."

ते ऐकून ताईंचा चेहरा उतरला. फुटाणे म्हणजे टोपली, आणि टोपली म्हणजे ओटा.

दुसऱ्यांदा मी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. मग उठलो, टेबलाजवळून लांब जाऊन उभा राहिलो आणि ताईंना म्हणालो, "मी इथं नाही असं समजा. रोज करता तसं करा."

त्यांनी प्रिंटर बंद केला. ते जोडपं अजून आशेनं उभंच होतं. ताई वाकल्या, बटन दाबलं. बल्ब मंद झाला, उजळला. प्रिंटर गप्प. मग पोटात घर्र झालं.

टक्.

फोटो बाहेर आला तेव्हा त्या बाईनं तो हातात घेऊन नवऱ्याला दाखवला, "पाहा, तुमी डोळे मिटले," आणि दोघं भांडत भांडत निघून गेले. रंजनाताईंनी प्रिंटर बंद केला, पुन्हा चालू केला. घर्र-टक्. पुन्हा बंद, पुन्हा चालू. लहान मूल दिव्याच्या बटनाशी खेळतं तसं त्यांचं चाललं होतं. शेवटी श्यामराव ओरडले, "पुरे न वो. लाईन जाईन गावाची."

जत्रेला मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेलो. बायकोला सांगितलं, दर्ग्यावर जातो. ती म्हणाली, "पेनड्राइव्ह घ्या."

पोचलो तर ओट्यापासून टपरीच्याही पुढं माणसांची रांग. कडेवर पोरं, डोक्यावर नव्या टोप्या, एकमेकांचे केस सारखे करणाऱ्या बायका. ताईंनी भिंतीला निळी चादर लावली होती. एकेकाला उभं करायच्या, खटक्, वाकायच्या, घर्र-टक्, पुढचा. एवढ्या गर्दीतही प्रिंटर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा चालू-बंद करत होत्या. मी म्हणालो, आज चालूच राहू द्या की. तर म्हणाल्या, "नाई जी, मामाजीनं सांगतलं आहे."

आणि मामाजी आले. डोक्यावर टोपली, काखेत पोतं. अट त्यांच्या लक्षात होती. ते ओट्यासमोर थांबले. ज्या जागी ते उभी हयात बसले, तिथं टेबल, टेबलावर प्रिंटर, आणि समोर ही रांग. सुनेला गोंडीत काहीतरी विचारलं. ताईंनी कॅमेऱ्यावरून मान न उचलता उत्तर दिलं. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपली सारखी केली. मग वळला, रांगेच्या मध्यावर लिंबाच्या सावलीत पोतं अंथरलं, टोपली उतरवली आणि ओरडला, "फुटाणे! गरम फुटाणे!"

रांगेत उभ्या माणसाला दुसरं काय काम असतं? फुटाणे धडाधड खपू लागले. पोरं मागत होती, बाया घेत होत्या, पुरुष घेऊन पोरांना देत नव्हते. पुड्यांच्या कागदावर माझे ठिपके आणि चौकटी होत्या.

दुपारी श्यामराव घाम पुसत दुकानात आले. मला वाटलं, आता निकाल. ताईंनाही वाटलं असावं. त्यांचा हात बटनावर थांबला.

"रंजना, जरा हळू काढ न वो फोटो."

"काऊन जी?"

"काऊन म्हन्जे? लाईन अशी भरभर सरकली त मी इकू कोणाले? माणूस पुडी सोडते न सोडते, तू त्याले आत बलावतं."

"मंग मामाजी, दुकान..."

"दुकानाले काय झालं? दुकान राहू दे. पुढच्या जत्रेलेबी राहू दे. पन हळू." मग ते माझ्याकडे वळले, जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "भाऊ, याले थोडंसं बिघडवता येते का? जास्त नाई. गिऱ्हाईक मूठभर फुटाणे खाईन एवढं."

इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण जे न चुकता जमेल याची मला पुरेपूर खात्री होती असं काम मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मी बाह्या सारून उठलोसुद्धा.

रंजनाताईंनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. "भाऊ, खाली बसा जी. हात लावू नका."